चाकाचा स्टड लांब करण्याआधी

गाळप हंगाम संपला, की सांगली-मिरज पट्ट्यातले जुने ट्रक एकेक करून गॅरेजला लागतात. पाटे उतरतात, ब्रेकचे लायनर बदलतात, ब्रेकचे ड्रम लेथला जातात. याच दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो. कुणी ९.०० च्या जागी १०.०० चे टायर घातलेले असतात आणि मागची जोडचाकं आतून एकमेकांना घासत असतात, म्हणून मध्ये स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी जाड चकती, घालायचा असतो. कुणी भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीच्या जाड डिस्क (टायर बसतो ती चाकाची भोकांची तबकडी) आणलेल्या असतात. कुणाच्या नव्या ड्रमचं तोंडच जुन्यापेक्षा जाड निघतं. तिन्ही ठिकाणी एकच अडचण होते: नट चढतो, पण स्टडचं (चाकामागच्या फिरत्या हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, ज्यावर चाक बसवून नट आवळतात) टोक नटाच्या आतच राहतं. मग मिस्त्री म्हणतो, "लांब स्टड टाकू या, विषय संपला."

लांब स्टड टाकण्यात गैर काही नाही. वर सांगितलेल्या तिन्ही ठिकाणी तोच बरोबर उपाय आहे. मात्र स्टड नक्की करतो काय, हे कळल्याशिवाय लांबी ठरवली तर नवा लांब स्टड जुन्या आखूड स्टडपेक्षा लवकर तुटतो. आणि तो तुटतो तेव्हा गाडी गॅरेजात उभी नसते, कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरत असते.

बहुतेकांची समजूत अशी असते, की चाक स्टडांवर अडकवलेलं आहे आणि गाडीचं वजन स्टड पेलतात. म्हणजे स्टड जितका दांडगा तितकं चाक मजबूत. प्रत्यक्षात नीट आवळलेल्या चाकात वजनाचा भार स्टडवर आडवा येतच नाही म्हटलं तरी चालेल. नट आवळला की स्टड खेचला जातो, खेचलेला स्टड परत आखडायला बघतो आणि त्या ओढीनं डिस्क ड्रमच्या तोंडावर दाबून बसते. गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, वळणावरचा रेटा, हे सगळं पेलतं ते या दोन तोंडांमधलं घर्षण. स्टडनं फक्त ताणलेलं राहायचं असतं.

उसाच्या गाडीवर आवळलेला दोर डोळ्यांपुढं आणा. दोर काही ऊस उचलून धरत नाही. तो उसाला दाबून धरतो आणि दबलेला ऊस आपसांत अडकून राहतो. थोडं अंतर गेल्यावर ऊस बसतो, दोर सैल पडतो, ड्रायव्हर खाली उतरून पुन्हा खेचून बांधतो. स्टडचं गणित हेच आहे, फक्त इथला ताण डोळ्यांना दिसत नाही.

दिसत नसला तरी मोजता येतो. आपल्याकडच्या बऱ्याच अवजड ट्रकांना एम २२ स्टड असतो: व्यास २२ मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. त्याला साधारण ५५० ते ६५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळताना द्यायचा पीळ, लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. साठ किलोचा माणूस पान्याला लावलेल्या एक मीटर लांबीच्या आडव्या पाइपाच्या टोकावर अख्खं वजन टाकून उभा राहिला, की जवळपास ५९० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे पंक्चरवाल्याचा पोरगा पाइपवर चढतो तेव्हा तो नकळत बरोबर आकड्याच्या आसपासच असतो. दोघं चढून उड्या मारतात तेव्हा नसतो.

कोरड्या आणि स्वच्छ आट्यांवर एवढ्या टॉर्कमधून एका स्टडमध्ये अंदाजे साडेतेरा टनांची ओढ तयार होते. दहा स्टड असतील तर डिस्क १३५ टनांच्या आसपास दाबली जाते. घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला तरी वीस टनांची पकड मिळते. आता दुसरी बाजू बघा. चार टायरांच्या एका ॲक्सलवर कायद्यानं मान्य भार पूर्वी १०.२ टन होता, २०१८ मध्ये तो ११.५ टन झाला, आणि एका बाजूच्या चाकांवर त्यातला निम्मा येतो. म्हणजे पकड चांगली तिप्पट आहे. ऊस भरताना आपल्याकडं कायदा किती पाळतात ते मी सांगायला नको, पण हा जास्तीचा वाव त्या ओव्हरलोडसाठी ठेवलेला नाही. तो ब्रेक आणि खड्डे यांच्यासाठी आहे.

एवढ्या ओढीनं स्टड ताणला किती जातो? पकडीतला भाग ५० मिलिमीटरचा असेल तर फक्त ०.१ मिलिमीटर. चाक जागेवर राहतं ते या एक दशांश मिलिमीटरच्या जिवावर. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, कारण पुढचं सगळं इथूनच निघतं.

रंग, गंज आणि स्टडची लांबी

हंगामाआधी, नाहीतर दसऱ्याला, गाडी रंगवायची आपल्याकडं पद्धत आहे. डिस्कला लाल नाहीतर पिवळा, हबला चंदेरी. रंगारी स्प्रे मारताना डिस्कची पाठ, ड्रमचं तोंड, नटाची बैठक असा भेद करत नाही, आणि त्याला कुणी तसं सांगितलेलंही नसतं. रंगाचा एक थर ०.०५ मिलिमीटरचा धरू. जोडचाकात ड्रमचं एक तोंड, आतल्या डिस्कची दोन आणि बाहेरच्या डिस्कची दोन, अशी पाच तोंडं येतात, म्हणजे रंग झाला पाव मिलिमीटर. हा रंग नटाखाली दबतो, ब्रेकच्या उष्णतेनं मऊ होतो, हळूहळू बाहेर सरकतो. त्यातला पाव हिस्सा जरी गेला तरी ०.०६ मिलिमीटर गेले. आपली सगळी पुंजी ०.१ ची होती. निम्म्याहून जास्त ओढ संपली आणि नटाला कुणी हातही लावलेला नाही. "काल तर आवळला होता" असं ड्रायव्हर म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो.

गंजाचे पापुद्रे, डिस्कच्या पाठीमागे वाळलेला चिखल, ड्रमच्या तोंडावरचा लेथचा बर (कापताना राहिलेली खरखरीत कड) हे सगळं असंच वागतं. म्हणून चाक चढवण्याआधी तारेच्या ब्रशनं दोन्ही तोंडं धातू दिसेपर्यंत घासायची. रंग मारायचाच असेल तर तिथं नुसता प्रायमरचा पातळ हात, आणि नटाच्या बैठकीवर तोही नको.

लांब स्टडची जमेची बाजू इथं आहे, आणि ती फार कुणी सांगत नाही. पकडीतली लांबी ५० ऐवजी १०० मिलिमीटर झाली, तर तेवढ्याच ओढीला स्टड ०.१ ऐवजी ०.२ मिलिमीटर ताणतो. मग ०.०५ मिलिमीटर रंग दबला तरी निम्म्याऐवजी पाव ओढ जाते. लांब स्टड जास्त सोशीक असतो. पण स्टड लांब करायची वेळ ज्या स्पेसरमुळं आली, तो स्पेसर स्वतःची आणखी दोन तोंडं घेऊन येतो. ती स्वच्छ आणि सपाट असली तर फायदा राहतो. कापलेल्या प्लेटला ड्रिल मारून घरगुती स्पेसर केला असेल तर फायदा तर जातोच, वर तोटा होतो.

ओढ संपली की पुढं काय होतं? डिस्क तोंडावर सूतभर सरकायला लागते आणि मग मात्र वजन खरोखर स्टडवर येतं. तेही एका जागी स्थिर नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्टड एकदा इकडं वाकतो, एकदा तिकडं. ट्रकचं चाक एका किलोमीटरला तीनशेच्या आसपास फेरे घेतं. सांगलीहून पुण्याला पोचेपर्यंत सत्तर हजारांच्या घरात वाकणं झालं. एवढ्यात पोलाद थकतं, आट्याच्या तळाशी केसासारखी भेग पडते आणि ती रोज थोडी आत जाते.

तुटलेला स्टड हातात आला तर तो फेकून देऊ नका, त्याचं तुटलेलं तोंड उजेडात धरून बघा. बहुतेक वेळा एका कडेपासून सुरू होणारा गुळगुळीत, काळपट भाग दिसेल आणि त्यावर पाण्याच्या लाटांसारख्या बारीक कमानी. उरलेला भाग खडबडीत, चमकदार, दाणेदार. गुळगुळीत भाग म्हणजे जुनी भेग, जी हळूहळू वाढत गेली. खडबडीत भाग म्हणजे शेवटच्या झटक्यात तुटलेला. गुळगुळीत भाग अर्ध्याहून मोठा असेल तर गाडी बऱ्याच काळापासून सैल नटावर पळत होती असं समजायला हरकत नाही. "माल हलका होता" हा निष्कर्ष काढायची घाई अशा वेळी करू नये, स्टडचा दोष नसतोही.

लांबी किती?

हबच्या बाहेरच्या तोंडापासून मोजायला सुरुवात करा. आधी ड्रमची जाडी, जर ड्रम हबच्या बाहेरून बसत असेल तर. काही गाड्यांत तो हबच्या आतल्या बाजूला असतो, तिथं तो स्टडच्या बाहेरच्या लांबीत धरायचा नाही. मग एक किंवा दोन डिस्क, मग स्पेसर असेल तर तो, मग नटाची पूर्ण उंची, आणि शेवटी बाहेर दिसायला दोन-तीन आटे. उदाहरण म्हणून ड्रम १२, दोन डिस्क प्रत्येकी १२, नट २७ आणि बाहेर ४ धरले तर ६७ मिलिमीटर होतात. त्याच गाडीला २२ मिलिमीटर जाडीच्या दोन ॲल्युमिनियम डिस्क लावल्या तर ८७. हे आकडे पद्धत दाखवण्यापुरते आहेत, आपल्या गाडीची मापं व्हर्नियरनं घ्यायची. फूटपट्टी नको, आणि "बोटभर जास्त" हे तर मापच नाही.

नटाच्या आत आटे किती गुंतायला हवेत, याचा साधा नियम: निदान स्टडच्या व्यासाएवढे. एम २२ ला २२ मिलिमीटर, म्हणजे चौदा-पंधरा फेरे. एम १२ ला दीड मिलिमीटरच्या आट्यांवर आठ फेरे. तुमच्या गाडीत स्टडचं टोक नटाच्या आत राहत असेल तर नट सोडवताना तो किती फेऱ्यांत निघतो ते मोजा, तेवढेच आटे गुंतलेत. टोकाला जो निमुळता भाग असतो त्याची पकड शून्य, तो हिशोबातून वगळायचा.

आखूड स्टडचा धोका सगळ्यांना दिसतो. अती लांब स्टडचा दिसत नाही आणि म्हणून तो जास्त वाईट.

पहिला प्रकार टोपीच्या नटाचा. नटाचं तोंड बंद असेल आणि स्टड गरजेपेक्षा लांब असेल, तर स्टडचं टोक टोपीच्या तळाला टेकतं आणि नट तिथंच घट्ट होतो. पाना टक् म्हणतो, टॉर्क बरोबर दिसतो, पाइपवर चढलेल्याचं समाधान होतं. डिस्क मात्र मोकळीच. दुसरा प्रकार बिनआट्यांच्या भागाचा. बऱ्याच लांब स्टडांना हबकडच्या बाजूला काही अंतर गुळगुळीत दांडा असतो, आटे त्यापुढं सुरू होतात. जाड ड्रम आणि दोन डिस्क यांच्या आत हा दांडा झाकला गेला तर ठीक. पण पातळ डिस्कवर असाच स्टड टाकला आणि दांडा डिस्कच्या बाहेर डोकावला, तर नट आटे संपतात तिथं जाऊन अडकतो. इथंही पाना घट्टच सांगतो. दोन्ही ठिकाणी टॉर्क पाना खोटं बोलत नाही, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो. तपास सोपा आहे: नट पूर्ण आवळल्यावर डिस्क आणि ड्रममध्ये पातळ पत्र्याची पट्टी कुठूनही शिरता कामा नये, आणि नट बसवण्याआधी तोच नट नुसत्या स्टडवर हातानं शेवटपर्यंत फिरवून तो कुठं थांबतो ते बघून ठेवावं.

तिसरं, स्टडचं डोकं. ते हबच्या पाठीमागं असतं. नव्या स्टडचं डोकं जाड असेल तर आतल्या बाजूला कशाला तरी घासू शकतं. एका बाजूनं सपाट कापलेलं डोकं असेल, तर ती सपाट बाजू हबच्या कडेला टेकूनच बसली पाहिजे. चाक चढवण्याआधी हब हातानं पूर्ण फेरा फिरवून कान देऊन ऐकायचं.

बाहेर दोन-तीन इंच स्टड सोडून फिरणाऱ्या गाड्याही दिसतात. शोभेसाठी म्हणून. बाजारपेठेतल्या गर्दीत ते कुणाच्या पिंडरीच्या उंचीवर येतात एवढंच म्हणतो.

स्पेसरबद्दल आणखी थोडं, कारण लांब स्टडचं निम्मं कारण तोच असतो. तुमची डिस्क मध्यात कशानं येते ते आधी बघा. जुन्या पद्धतीत नटाला शंकूसारखा उतार असतो आणि तो डिस्कच्या भोकातल्या तशाच उतारावर बसून डिस्क मध्यात आणतो. नव्या पद्धतीत हबच्या मधल्या गोल कडेवर डिस्क नेमकी बसते, आणि नट सपाट असून त्याला फिरता वॉशर असतो. दुसऱ्या पद्धतीच्या हबवर जाड स्पेसर घातला तर डिस्क त्या गोल कडेवरून पुढं सरकते आणि अधांतरी राहते. मग तिला मध्यात धरायला नुसते स्टड उरतात आणि ते त्या कामासाठी नाहीत. अशा वेळी स्पेसरलाच तशी गोल कड हवी. आणि दोन पद्धतींचे नट-डिस्क यांची सरमिसळ कधीही नको. उताराच्या भोकावर सपाट नट म्हणजे कडेच्या चार बिंदूंवर टेकलेला नट. भोकं लांबट व्हायला वेळ लागत नाही. जोडचाकं घासण्याच्या तक्रारीवर तर माझं मत आहे, की शक्य असेल तर मूळ मापाचे टायर परत घालावेत. मोठ्या टायरच्या हौसेपायी ड्रमपासून नटापर्यंत सगळी साखळी बदलणं महागात पडतं, आणि टायर बाहेर सरकल्यामुळं हबच्या बेअरिंगवर जो तिरका भार येतो तो वेगळाच.

आटे, डावे-उजवे आणि लेथ

जुन्या गाड्यांत इंची आणि मिलिमीटरी आट्यांचा घोळ कायम असतो, कारण तीस वर्षांत चार हबं बदललेली असतात. ७/८ इंच म्हणजे २२.२ मिलिमीटर. एम २२ चा नट त्याच्या शेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण यूएनएफ या इंची आट्यांत दोन आट्यांमधलं अंतर १.८१ मिलिमीटर असतं, बीएसएफ या दुसऱ्या इंची प्रकारात २.३१, आणि एम २२ मध्ये १.५. बोटांनी सुरुवात झाली तरी पुढं तो अडतोच, आणि मग पाना-पाइप लावून "चढवला" जातो. तो नट आट्यांवर चढलेला नसतो, आट्यांना कापत गेलेला असतो.

छोट्या गाड्यांत याहून फसवी जोडी आहे. अर्धा इंच, २० आट्यांचा नट एम १२ च्या सव्वा मिलिमीटर आट्यांच्या स्टडवर अगदी अलगद चढतो, कारण दोन आट्यांमधलं अंतर १.२७ आणि १.२५ असं जवळजवळ सारखं आहे. पण स्टड ०.७ मिलिमीटरनं बारीक आहे. आटे टोकाटोकाला गुंततात आणि खऱ्या टॉर्कला सुटून येतात. नट बोटांनी फार सैल फिरतोय, हलवला तर डुगडुगतोय, तर तिथंच थांबा. आटे मोजायची गेज फार महाग नसते. प्रत्येक गॅरेजात असते, फक्त ड्रॉवरच्या तळाशी.

काही जुन्या गाड्यांना क्लिनर साइडला, म्हणजे गाडीच्या डाव्या बाजूला, डावे (उलट फिरवून आवळायचे) आटे असतात. विचार असा, की पुढं जाताना चाकाच्या फिरण्यानं सैल नट आणखी सुटण्याऐवजी आवळला जावा, म्हणून दोन्ही बाजूंचे आटे उलटसुलट. जुन्या विलीज धर्तीच्या जीपमध्येही हेच होतं. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर बघायचं. ते न बघता पाइप लावून उलट्या बाजूला जोर करत गेलं की स्टड पिळवटून तुटतो, आणि मग "स्टड जुने झालेत, सगळेच लांब टाकू" असा विषय सुरू होतो. नवे स्टड सगळे उजव्या आट्यांचे टाकले तर चालतात, पण मग त्या बाजूचे नटही सगळे बदलायचे आणि तसं ड्रायव्हरला सांगून ठेवायचं.

आता लेथ. १९१० साली जिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली त्या जिल्ह्यात लेथवर काय होत नाही? कुपवाडला, माधवनगरला सकाळी नमुना दिला तर संध्याकाळी दहा स्टड हातात मिळतात, दिसायला कंपनीच्या मालाहून देखणे. कारागिराच्या हातात खोट नसते, खोट असते ती सळीत. साधं एमएस (माइल्ड स्टील, मऊ) पोलाद एका चौरस मिलिमीटरला पंचवीस किलोच्या आसपास कायमचं ताणलं जायला लागतं. एम २२ च्या आट्यांच्या भागाचं क्षेत्रफळ ३३३ चौरस मिलिमीटर, म्हणजे साडेआठ टनांवर स्टडनं मान टाकली. आपल्याला हवी होती साडेतेरा टनांची ओढ. एमएसचा स्टड योग्य टॉर्कला पोचण्याआधीच लांबत जातो, पाइपवर चढणाऱ्याला वाटतं नट अजून आवळला जातोय.

म्हणून स्टडवर १०.९ असा शिक्का बघायचा. पहिला आकडा ताकदीचा: १० म्हणजे चौरस मिलिमीटरला साधारण शंभर किलोंवर तुटणारा. दुसरा सांगतो की त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत तो कायमचा न ताणता परत येतो. ८.८ म्हणजे ऐंशी किलो आणि ऐंशी टक्के. मूळ स्टड १०.९ चा असेल तर ८.८ चा लांब स्टड ही बढती नाही. शिवाय कारखान्यातल्या स्टडचे आटे कापलेले नसून दाबून वळवलेले असतात. पोलादाचे तंतू आट्याच्या वळणासोबत वळतात आणि भेग लवकर सुरू होत नाही. लेथवर आटा कापला की ते तंतू तुटतात. आखूड स्टडला वेल्डिंगनं तुकडा जोडून लांब करणं, किंवा फिरणाऱ्या स्टडच्या डोक्याला हबवर टाका मारणं, हे तर बोलायलाच नको. वेल्डिंगच्या उष्णतेनं पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि टाक्याच्या शेजारीच ते ठिसूळ होतं.

बसवणं आणि आवळणं

स्टडच्या मानेला जे उभे दाते असतात ते हबच्या भोकात दाबून बसतात. नवा स्टड आणताना लांबीआधी या दात्यांचा व्यास मोजा. किंचित बारीक असला तर नट सोडवताना स्टडच गरगर फिरतो, आणि जाड असला तर हबला तडा जातो. दात्यांची उंचीही हबच्या जाडीत मावली पाहिजे.

जुना स्टड काढायला हायड्रॉलिक प्रेस हाच सरळ मार्ग. हब गाडीवरच ठेवून घणाचे घाव घातले तर स्टड निघतो, पण प्रत्येक घाव बेअरिंगच्या गोळ्यांवर आणि वाटीवर बसतो. महिन्याभरात हबमधून आवाज यायला लागतो आणि दोष नव्या ग्रीसला दिला जातो. जुन्या जीप आणि काही छोट्या ट्रकांत आणखी एक गंमत आहे: कारखान्यात स्टड बसवून त्याची मान ड्रमवर ठोकून पसरवलेली असते, म्हणजे हब आणि ड्रम स्टडांनीच एकमेकांना रिव्हेट केलेले असतात. ती पसरलेली कड आधी कापून काढली नाही तर स्टड निघताना भोक फाडून निघतो. त्यानंतर कुठलाही स्टड त्यात घट्ट बसत नाही.

प्रेस नसेल तेव्हा जाड वॉशरांची थप्पी लावून नटानंच स्टड आत ओढायची पद्धत सर्रास चालते. चालते, पण वॉशरांमध्ये ग्रीस लावा, डोकं हबला पूर्ण टेकलंय का ते पाठीमागून बघा, आणि ओढायला वापरलेला नट नंतर चाकाला लावू नका. डोक्याखाली थोडी जरी फट राहिली तरी ती गाडी चालताना मिटते आणि पुन्हा तेच: ०.१ मिलिमीटरमधली वजाबाकी.

एक स्टड तुटला असेल तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनी जास्तीचा भार सोसलेला असतो, तेही बदलायचे. दोन किंवा जास्त तुटले असतील तर त्या चाकाचे सगळेच.

आट्यांना तेल लावावं का, यावर गॅरेजात कडाक्याची भांडणं होतात. हिशोब असा: तेलामुळं घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. १०.९ चा कोरडा एम २२ कायमचा ताणला जायला ढोबळ हिशोबानं १३०० न्यूटन-मीटर लागतात, तेल लावल्यावर ८०० च पुरतात, आणि ८.८ चा स्टड तर तेल लावून ५६० लाच हद्दीवर जातो. म्हणून गाडीच्या पुस्तकात कोरडे म्हटलं असेल तर कोरडे. फिरत्या वॉशरच्या काही नटांना कंपनीच तेलाचा थेंब सांगते, तिथं तो द्यायचा, आणि टॉर्कचा आकडाही त्याच पानावरचा घ्यायचा.

नट समोरासमोरच्या क्रमानं, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. एअर गननं नुसते टेकवायचे, शेवटचा टप्पा टॉर्क पान्यानं. घाट उतरून आलेल्या तापलेल्या चाकावर हे काम करू नका, विशेषतः ॲल्युमिनियम डिस्क असेल तर. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं, गरम असताना बरोबर वाटलेली ओढ थंड झाल्यावर कमी भरते.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या गोष्टींत परस्पर फेरफार करू देत नाही. मूळ डिस्कला योग्य लांबीचा स्टड टाकणं ही दुरुस्ती झाली. मोठे टायर आणि त्यासाठी स्पेसर हा फेरफार ठरू शकतो. एमएच १० असो, ११ असो की ५०, पासिंगला जाण्याआधी आणि विम्याच्या कागदांआधी हे विचारून घेतलेलं बरं.

नवे स्टड टाकल्यावर ५० ते १०० किलोमीटरमध्ये एकदा पुन्हा टॉर्क बघायचाच. रंग दबलेला असतो, दाते बसलेले असतात, तोंडं एकमेकांत रुतलेली असतात. त्यानंतर प्रत्येक नट आणि डिस्कवर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा, म्हणजे डिझेल भरताना नुसत्या नजरेनं कळतं कुठला नट फिरला. नटाखालून गंजाचा ओघळ बाहेर आलेला दिसला, किंवा नटाभोवती धातू घासून चकाकतोय असं दिसलं, तर रेघ जुळत असली तरी चाक सैल झालंय असं धरा. आणि सैल नट सापडला तर नुसता आवळून पुढं निघू नका. चाक उतरवा, भोक लांबट झालंय का, भोकापासून तडा निघालाय का ते बघा, आणि जो स्टड सैल चालला तो सरळ दिसत असला तरी बदला.